घोडा, सहा दाणे आणि कंबोडिया

प्रति,
मा. पोलीस आयुक्त, बृहन्मुंबई
आणि
मा. अपर मुख्य सचिव (गृह), महाराष्ट्र शासन, मंत्रालय

विषय : परदेशी पोलिसांकडे जाणारे आपले कागद

महोदय / महोदया,

या पत्राला एक वाक्य निमित्त झालं. माझे मोठे दीर उपनगरात राहतात. वय ७४, सगळं आयुष्य एका बँकेत गेलेलं. गेल्या पावसाळ्यात त्यांना ‘मुंबई क्राईम ब्रँच’मधून व्हिडिओ कॉल आला. समोर खाकी वर्दी, मागच्या भिंतीवर अशोकस्तंभ, टेबलावर फायलींचा ढीग. तुमच्या आधारकार्डावर गेलेल्या पार्सलात ड्रग्ज सापडलेत, तुम्ही ‘डिजिटल अरेस्ट’मध्ये आहात, कॅमेरा बंद करायचा नाही, घरात कुणाला सांगायचं नाही. दोन दिवस हा माणूस संडासला जातानासुद्धा त्या पडद्याकडे परवानगी मागत होता. तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत १८ लाख रुपये गेले होते. पुतणीच्या लक्षात आलं, तिनं १९३० ला फोन लावला, पण तोवर बहुतेक रक्कम चार राज्यांतल्या भाड्याच्या खात्यांमधून फिरून पुढं सरकली होती. २ लाख ४० हजार तेवढे कुठल्याशा खात्यात अडले.

चार महिन्यांनी मी त्यांच्याबरोबर पोलीस ठाण्यात गेले. तपास अधिकारी भला माणूस होता. खुर्ची दिली, चहा मागवला आणि म्हणाला, “ताई, पैसे क्रिप्टो होऊन कंबोडियाकडं गेले. तिथं आपलं काय चालतंय?”

ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही. कारण बोलता बोलता त्यानं फाईल माझ्यासमोर सरकवली होती आणि कागद समोर आला की तो वाचायचा, ही माझी जुनी खोड. व्हिडिओ कॉल ज्या खात्यावरून आला, त्या खात्याची माहिती मागणारं पत्र परदेशी कंपनीला तक्रारीनंतर अकरा आठवड्यांनी गेलं होतं. पत्रात रद्द झालेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम होतं. नंबराआधी देशाचा कोड नव्हता. आणि नंबरातला एक आकडा गळला होता.

कंबोडिया फार लांब आहे, मान्य. पण तो आकडा इथंच गळला, आपल्या टेबलावर.

माझी ओळख सांगते. १९८८ पासून ३३ वर्षं मी फोर्टात कोर्टाच्या कागदांची भाषांतरं केली. मराठी-हिंदीतून इंग्रजीत. फिर्याद, पंचनामे, जबाब, दोषारोपपत्रं, टेलिफोनवरच्या संभाषणांची लिप्यंतरं. १२ मार्च १९९३ ला दुपारी शेअर बाजाराच्या इमारतीत स्फोट झाला तेव्हा मी तिथून चालत दहा मिनिटांवर टाइपरायटरसमोर बसले होते. त्या दिवशी २५७ माणसं गेली. स्फोटकं रायगडच्या किनाऱ्यावर, दिघी आणि शेखाडीला उतरली होती आणि ती वाट मोकळी करून देणाऱ्या कस्टमच्या आणि पोलिसांच्या माणसांना पुढं टाडा न्यायालयानं शिक्षा दिल्या. सूत्रधार मात्र समुद्रापलीकडं बसलेले. त्यानंतरच्या वर्षांत माझ्या टेबलावर एक नवा प्रकार येऊ लागला : परदेशी न्यायालयांना लिहिलेलं विनंतीपत्र. कोर्टात त्याला सगळे ‘एलआर’ म्हणतात, लेटर रोगेटरी. १९९० मध्ये जुन्या संहितेत कलम १६६-अ आलं ते याचसाठी. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तेच कलम ११२ झालंय. अशी बरीच पत्रं माझ्या हातून गेली. त्यांतली किती पोचली, किती परत आली, हे भाषांतरकाराला कुणी सांगत नाही. पण ‘हे समजत नाही, पुन्हा लिहा’ असा शेरा मारून जी परत येत, ती फिरून माझ्याकडंच येत. म्हणून काय अडतं ते मला ठाऊक आहे.

शब्दांपासून सुरुवात करते, तो माझा धंदा.

टोळीवाले फोनवर बोलतात ते लिप्यंतरात जसंच्या तसं उतरतं आणि तसंच उतरलं पाहिजे. ‘घोडा भेज दे, छे दाने के साथ.’ मुंबईतल्या कुठल्याही हवालदाराला कळतं की पिस्तूल आणि सहा गोळ्या. पण एका फायलीत माझ्या आधी कुणीतरी केलेलं भाषांतर मी पाहिलं होतं : आरोपीनं एक घोडा आणि सहा धान्याचे दाणे मागवले. दुसऱ्या एका कागदात आरोपी क्रमांक दोननं ‘सुपारी घेतली’, तर इंग्रजीत तो अडकित्त्यानं कातरून खायची सुपारी घेत होता. ‘दोन पेटी दे, नाहीतर गेम वाजवीन’ यात पेटी म्हणजे लाख, खोका म्हणजे कोटी, आणि गेम वाजवणं म्हणजे खून. हे शेजारी टीप देऊन सांगितलं नाही, तर युरोपातल्या सरकारी वकिलाला दिसतं ते एवढंच की कुणीतरी दोन पेट्या मागतोय आणि नाही दिल्या तर खेळणार आहे. हसू येतं, पण त्या कागदावर कुणाचा तरी मुडदा पडलेला असतो. ‘फिल्डिंग लावली’ म्हणजे पाळत ठेवली, ‘मांडवली’ म्हणजे दोन्हीकडून पैसे खाऊन केलेली तडजोड. शब्दकोशात यांचा हा अर्थ सापडत नाही, तो फक्त नागपाड्यापासून चेंबूरपर्यंत नोकरी केलेल्या माणसाच्या डोक्यात असतो. तो माणूस निवृत्त झाला की शब्दही त्याच्याबरोबर जातो.

मग नावं. शेख हे आडनाव मी एकाच खटल्याच्या कागदांत इंग्रजीत चार तऱ्हांनी लिहिलेलं पाहिलंय. ‘उर्फ मामा’ याचं ‘मॅटर्नल अंकल’ करून ठेवलेलं पाहिलंय. आणि जन्मतारीख! आपल्याकडं शाळेत घालताना मास्तरांनी सरसकट १ जून लिहिली, अशी लाखो माणसं महाराष्ट्रात आहेत. माझे सासरे त्यांतलेच. पण परदेशातला अधिकारी एकाच टोळीतले पाच जण १ जूनला जन्मलेले पाहतो तेव्हा त्याला वाटतं, हा बनाव आहे किंवा मुंबईवाल्यांनी कशीतरी भरती केलीय. तिथं एक ओळ हवी की ही शाळेच्या दाखल्यावरची तारीख आहे, ओळख बोटांच्या ठशांवरून पटवा. बोटांचे ठसे ही तर आपलीच देणगी. ठशांचं जगातलं पहिलं कार्यालय १८९७ मध्ये कलकत्त्यात निघालं. आणि आता राज्याच्या पोलिसांकडं ठसे, चेहरा, बुबुळ जुळवणारी यंत्रणा आहे. तिचा निकाल कागदाला जोडायचा एवढंच काम.

नावाचा खेळ काय करू शकतो हे या शहरानं भोगलंय. दाऊद गिलानी या माणसानं २००६ मध्ये अमेरिकेत नाव बदलून डेव्हिड हेडली केलं, नव्या नावाचा पासपोर्ट घेतला आणि ताडदेवच्या एसी मार्केटमध्ये इमिग्रेशनचं ऑफिस थाटून २००८ पर्यंत मुंबईच्या खेपा करत राहिला. ताज, ट्रायडंट, सीएसटी, सगळ्याची टेहळणी केली. २६ नोव्हेंबर २००८ ला १६६ माणसं गेली. तो पकडला गेला ऑक्टोबर २००९ मध्ये, शिकागोत. माहितीचं एक टोक तिकडं, दुसरं इकडं, आणि मधे कुणीच नाही. उलट हल्ल्यानंतर मात्र हीच देवाणघेवाण उपयोगी पडली. दहशतवाद्यांना पलीकडून येणारे फोन न्यू जर्सीतल्या एका इंटरनेट-टेलिफोन कंपनीमार्फत वळवलेले होते. त्याचा माग अमेरिकेच्या मदतीनं लागला आणि एफबीआयच्या माणसांनी आपल्या खटल्यात साक्षी दिल्या. २०१६ मध्ये हेडलीची साक्ष मुंबईच्या सत्र न्यायालयानं व्हिडिओवरून घेतली आणि एप्रिल २०२५ मध्ये त्याचा साथीदार तहव्वूर राणा भारतात आणला गेला. म्हणजे होतं, होऊ शकतं. घटना घडून गेल्यावर होतं, एवढंच दुःख.

टोळ्यांच्या बाबतीतही तेच. छोटा राजन २०१५ मध्ये बालीत दुसऱ्याच नावाच्या पासपोर्टवर उतरला आणि सापडला. रवी पुजारी सेनेगलमध्ये सापडला, त्याच्याकडं बुर्किना फासोचा पासपोर्ट होता. हा देश नकाशावर शोधायला मला पाच मिनिटं लागली होती, खोटं कशाला सांगू. आणि अगदी ताजं, सांगलीजवळच्या इरळी गावातल्या एमडी या ड्रगच्या कारखान्याचं प्रकरण. त्यात तुमच्याच गुन्हे शाखेनं २०२५ मध्ये संयुक्त अरब अमिरातीतून आरोपी आणले, सीबीआय आणि इंटरपोलच्या वाटेनं. कवठे महांकाळ तालुक्यातल्या एका शेतापासून दुबईपर्यंतचा धागा तुमच्या अधिकाऱ्यांनी जोडला. त्याबद्दल शाबासकी द्यायला माझ्यासारख्या बाईला काही अडचण नाही. प्रश्न असा की हे जमतं ते गाजलेल्या प्रकरणांत. आमच्या दिरांच्या १८ लाखांसाठी कोण लिहिणार?

आणि हे तुम्हाला जास्त लागायला हवं, कारण देशभर हे भामटे जे नाव वापरतात ते तुमचं आहे. केरळातला निवृत्त मास्तर, लखनौची डॉक्टरीण, यांना धमकी जाते ती ‘मुंबई पोलीस’, ‘अंधेरी सायबर सेल’ या नावानं. दीडशे वर्षांहून जुन्या खात्याचा दरारा कुणीतरी परदेशातल्या शेडमध्ये बसून भाड्यानं वापरतोय.

आता वाट कशी आहे ते लिहिते. तुम्हाला ती पाठ आहे, पण हे पत्र इतरही वाचतील. ठाण्यातल्या तपास अधिकाऱ्याला परदेशातून पुरावा हवा असेल तर तो मसुदा करतो. तो उपायुक्तांकडं, तिथून वर, मग राज्याचा गृह विभाग, मग दिल्लीत केंद्रीय गृह मंत्रालय, कारण परस्पर कायदेशीर साहाय्याच्या करारांत आपला ‘केंद्रीय प्राधिकारी’ तेच. करार नसेल तर परराष्ट्र मंत्रालयामार्फत. मधे न्यायालयाचं विनंतीपत्र. मग समोरच्या देशाचं मंत्रालय, त्यांचा सरकारी वकील, त्यांचं न्यायालय आणि सरतेशेवटी त्यांच्या एखाद्या ठाण्यातला शिपाई. तोही बहुधा आपल्या शिपायासारखाच वैतागलेला. एका टप्प्यावर शंका निघाली की सगळं उलट्या पावली मागं.

दुसरी वाट इंटरपोलची. लोकांना वाटतं, इंटरपोल म्हणजे काळ्या गाड्यांतून येणारे बंदूकधारी. ती १९६ देशांच्या पोलिसांची टपालव्यवस्था आहे, मुख्यालय फ्रान्समधल्या लिऑंला, आणि २००३ पासून तिचं स्वतःचं सुरक्षित जाळं आहे. आपल्याकडून तिच्याशी बोलायचा अधिकार सीबीआयला. रेड नोटीस म्हणजे ‘हा माणूस आम्हाला हवाय’ असं सगळ्या देशांच्या पोलिसांना कळवणारा कागद, ते अटक वॉरंट नव्हे. ती पाहून काय करायचं ते ज्याचा त्याचा देश ठरवतो. पूर्वी राज्यांचं सीबीआयशी बोलणं पत्र, ईमेल, फॅक्सवर चाले. ७ जानेवारी २०२५ ला भारतपोल हे पोर्टल सुरू झालं, त्यामुळं आयुक्तालयातला युनिट अधिकारी थेट त्यावर विनंती टाकू शकतो. चांगलं झालं. मार्च २०२४ मध्ये सीबीआयनं युरोपोलशी, म्हणजे युरोपीय देशांच्या पोलिसांच्या सामाईक संस्थेशीही करार केला. पण पोर्टलवर चढवलेल्या मजकुरात घोड्याचे दाणे असतील तर ते फक्त अधिक वेगानं लिऑंला पोचतील.

याहून वाईट म्हणजे घड्याळ. क्रिप्टो सोडा, साध्या मेसेजिंग खात्याची नोंदही कायम राहत नाही. म्हणून मोठ्या परदेशी कंपन्यांकडं आधी फक्त एवढंच मागायचं असतं की डेटा पुसू नका, जपून ठेवा, रीतसर मागणी मागून येते आहे. मेटासारख्या कंपन्या पोलिसांच्या अशा विनंतीवर ९० दिवस डेटा गोठवून ठेवतात. हे पत्र पाच ओळींचं असतं. त्याला न्यायालय लागत नाही, दिल्ली लागत नाही. आमच्या फायलीत ते नव्हतं. तपास अधिकाऱ्याला अशी काही सोय आहे हेच ठाऊक नव्हतं आणि त्यात मी त्याचा दोष मानत नाही. त्याच्याकडं त्याच महिन्यात दोन खून, एक गणपती मिरवणुकीचा बंदोबस्त आणि तीनेक डझन सायबर तक्रारी होत्या.

एक गोष्ट अजून कुणाला सांगितलेली नाही. दिरांना धमकावणारा ‘डीसीपी’ मधेच खाली आवाजात मराठीत म्हणाला होता, “काका, पाणी प्या, घाबरू नका.” दीर ते पुन्हा पुन्हा सांगतात. त्यांना तो पोरगा आवाजावरून विदर्भातला वाटला. खरं-खोटं देव जाणे. पण मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी थायलंडच्या माए सोतहून ५४९ भारतीय परत आणले, ते म्यानमारच्या सीमेवरच्या, असेच फसवणुकीचे फोन करवून घेणाऱ्या वसाहतींतून सुटलेले. डेटा एंट्रीची नोकरी सांगून नेलेले, पासपोर्ट काढून घेतलेले, टार्गेट पुरं झालं नाही की मार खाणारे. त्यांतले काही गुन्हेगारही असतील, पण बरेचसे आधी बळी. अशी महाराष्ट्राची पोरं परत आली की त्यांना एकदा नीट बसवून, त्यांच्या भाषेत, न दरडावता विचारावं : नेलं कुणी, तिकीट कुणी काढलं, वसाहतीचं नाव काय, स्क्रिप्ट कोण लिहायचं, पैशाचं खातं कोण सांगायचं. कंबोडियात आपलं चालत नाही म्हणे. पण कंबोडिया आणि म्यानमार आतून पाहून आलेला पोरगा विमानतळावर उतरतो, रिक्षा करून घरी जातो आणि त्याला कुणी काही विचारत नाही. त्याचा एक चांगला जबाब, नीट भाषांतर करून, नॉम पेन्हला किंवा बँकॉकला पाठवला तर तिथल्या पोलिसाला तो आपल्या दहा स्मरणपत्रांपेक्षा उपयोगी पडेल.

आता विश्वासाचं. हा भाग तुम्हाला आवडणार नाही.

दुसऱ्या देशाचा पोलीस माहिती देतो तेव्हा ती शेजारणीनं गावी जाताना आपल्या कपाटात ठेवायला दिलेल्या दागिन्यांसारखी असते. ती तिची. आपण घालून मिरवायची नाही, तिसऱ्याला दाखवायची नाही. युरोपोलच्या जाळ्यात प्रत्येक संदेशावर खूण असते की हे कोर्टात वापरता येईल का, पुढं द्यायचं तर आधी विचारायचं का. खबर वेगळी आणि पुरावा वेगळा. खबरीवरून दिशा कळते, पण पुरावा पुन्हा रीतीनं मिळवावा लागतो. २०२० मध्ये फ्रान्स आणि नेदरलँड्सच्या पोलिसांनी एन्क्रोचॅट ही गुन्हेगारांची फोनव्यवस्था फोडली आणि कित्येक आठवडे संदेश वाचत राहिले, इतर देशांना देत राहिले, तरी वाच्यता नाही. एफबीआय आणि ऑस्ट्रेलियाच्या पोलिसांनी तर स्वतःच ‘अ‍ॅनम’ नावाचे, आतले संदेश आपल्याला वाचता येतील असे फोन टोळ्यांना विकवले. डझनाहून जास्त देश त्यात होते. जून २०२१ मध्ये एका झटक्यात ८०० च्या वर माणसं पकडली. एवढ्या लोकांच्या पोटात ती गोष्ट राहिली.

आपल्या पोटात राहील का? आरोपी विमानातून उतरायच्या आधी ‘सूत्रांच्या माहितीनुसार’ त्यानं काय कबुली दिली हे चॅनेलवर चालू असतं. जबाबाची पानं फोनवर फिरतात. परदेशी संपर्काची नावं व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडतात, ज्यात बदली होऊन गेलेला माणूसही दोन वर्षं तसाच असतो. २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी लोकांचे कॉल रेकॉर्ड विकणारे खासगी गुप्तहेर पकडले, ते तुम्हाला आठवत असेल. कॉल रेकॉर्ड विकत मिळतं हे परदेशातल्या अधिकाऱ्यालाही वाचता येतं. मग तो आपला खबऱ्या आपल्या हवाली करेल कशाला? मीही करणार नाही.

शब्द पाळण्याचाही प्रश्न आहे. १९९३ च्या स्फोटांतला आरोपी अबू सालेम सप्टेंबर २००२ मध्ये पोर्तुगालमध्ये, लिस्बनला पकडला गेला आणि नोव्हेंबर २००५ मध्ये इथं आला तो एका लेखी हमीवर : फाशी नाही, २५ वर्षांपेक्षा जास्त कैद नाही. इथं आल्यावर त्याच्यावर आणखी कलमं लागली. पोर्तुगालच्या न्यायालयानं हमी मोडल्याचं म्हटलं आणि काही आरोप सोडून द्यावे लागले. २०१७ मध्ये त्याला जन्मठेप झाली, पण जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, दिलेला शब्द सरकारला पाळावा लागेल. तेव्हा आमच्या इमारतीत लोक चिडले होते. अशा माणसाला कसला शब्द? शब्द त्याला दिलेला नव्हताच, तो पोर्तुगालला दिला होता आणि पुढचा आरोपी मागायला आपल्याला कुठल्या तरी पोर्तुगालकडंच जायचं असतं.

गुलशन कुमार यांच्या १९९७ च्या हत्येत एका आरोपीला लंडनहून आणायचं होतं. २००० मध्ये तिथल्या उच्च न्यायालयानं नकार दिला आणि आरोप न्यायाच्या हितासाठी, सद्‌हेतूनं केलेला नाही, इथवर ताशेरा मारला. मी तो निकाल दोनदा वाचला, एकदा कामासाठी आणि एकदा रागानं. तिथला न्यायाधीश मोक्का, टाडा ही नावं ऐकून दबत नाही. तो विचारतो, यानं केलं काय? कुणाला, कधी, किती मागितले, धमकी कुठल्या फोनवरून, पैसे कुणी पोचवले? तेच कृत्य त्याच्याही देशात गुन्हा असायला हवं. आपले मसुदे मात्र दोन पानं कलमांची आणि अर्धं पान हकिकतीची. आणि तुरुंगाचं म्हणाल तर २०१८ मध्ये विजय मल्ल्याच्या प्रकरणात लंडनच्या न्यायालयानं आर्थर रोडच्या बराक क्रमांक १२ चं चित्रीकरण मागवलं, भर दुपारी, आत ऊन येतं का हे पाहायला. आपल्या तुरुंगाची खिडकी हाही पुरावा झाला.

रेड नोटिशीची हौस जरा आवरावी, असंही मला वाटतं. इंटरपोलच्या घटनेचं कलम ३ राजकीय, लष्करी, धार्मिक, वांशिक बाबींत पडायला मनाई करतं आणि नोटिशी तपासायला त्यांचा वेगळा आयोग आहे. मेहुल चोक्सीवरची नोटीस २०२२ मध्ये मागं घेतली गेली. एप्रिल २०२५ मध्ये बेल्जियमनं त्याला पकडलं ते भारताच्या थेट प्रत्यार्पणाच्या विनंतीवरून. भागीदारीच्या भांडणात, घटस्फोटाच्या भांडणात लाल कागद मागायला येणाऱ्यांना दारातच परत पाठवलं, तर खऱ्या टोळीवाल्यावरच्या आपल्या कागदाला वजन राहील. आणि दुसऱ्या देशानं आपल्याकडून माहिती मागितली तर तीही डोळे झाकून देऊ नये. तिथल्या सरकारला नकोसा झालेला पत्रकारही कागदावर ‘टोळीचा सदस्य’ होऊ शकतो.

मला काय हवंय ते सांगते. आयुक्तालयात, क्रॉफर्ड मार्केटसमोरच्या त्या दगडी आवारात, एक खोली. त्यात रात्रपाळीसह दोन अधिकारी, एक सरकारी वकील, दोन भाषांतरकार. कुठल्याही ठाण्यातल्या अधिकाऱ्यानं परदेशी धागा दिसला की त्या खोलीत फोन करायचा. डेटा जपून ठेवण्याचं पत्र त्याच दिवशी खोलीतून जाईल, आकडा न गळता. विनंतीचा मसुदा तिथं होईल, आधी हकिकत, मग कलमं. बाहेरून आलेली माहिती त्या खोलीबाहेर खासगी फोनवर जाणार नाही. कुणी काय उघडून पाहिलं याची नोंद राहील आणि ती नोंद तपासणारा माणूस खोलीतला नसेल. आणि पत्र पुढं कुठं पोचलं हे तपास अधिकाऱ्याला आणि फिर्यादीला कळवायचं. ‘वर पाठवलंय’ हे उत्तर ३३ वर्षं ऐकलंय मी. वर म्हणजे नक्की कुठल्या मजल्यावर?

खर्चाचं म्हणाल तर एखाद्या चौकीच्या रंगकामापेक्षा फार जास्त होणार नाही. भाषांतराचे दर वाढवा मात्र. पानाला मिळायचं त्यात मला परतीचं लोकल तिकीट आणि दोन वडापाव सुटायचे, आणि त्या दरात सुपारीची सुपारीच होणार.

माझ्या कपाटात एक वही आहे. ३४० शब्द आहेत तिच्यात, घोडा, दाणे, पेटी, खोका यांपासून हल्लीच्या ‘म्यूल’ आणि ‘भाड्याचं खातं’पर्यंत. समोर इंग्रजीत अर्थ, कुठल्या वर्षी कुठल्या प्रकारच्या कागदात ऐकला तेही. आरोपींची नावं लिहिलेली नाहीत. ती खात्याला फुकट द्यायची आहे. न्यायला माणूस पाठवा, दुपारी चारनंतर. सकाळी मी दिरांकडं असते. फक्त आधी फोन करू नका. मुंबई पोलिसांचा फोन आमच्या घरात आता कुणी उचलत नाही.

आपली,
एक निवृत्त भाषांतरकार
गिरगाव, मुंबई